घरातली तालीम

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्या शिक्षिकेला काही शब्द एकाच दिवसात दोन वेगळ्या अर्थांनी भेटतात. 'तालीम' हा त्यांतला एक. उर्दूच्या तासाला तालीम म्हणजे शिक्षण. मराठीच्या तासाला तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका आणि कुस्ती. अरबीतून आलेला शब्द एकच, पण इथे येऊन त्याने दोन घरे केली. आमच्या समाजाने मुलींना उर्दूतली तालीम द्यायचे आता मनापासून मान्य केले आहे. माझ्या वर्गातून गेलेल्या मुली डी.एड., बी.एड., नर्सिंग, फार्मसी करतात आणि त्यांचे अब्बा मोहल्ल्यात पेढे वाटतात. मराठीतली तालीम मात्र त्या मुलींच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या आयांच्या तर नाहीच नाही. शरीर कमवायचे ते पुरुषाने, बाईचे शरीर झिजवण्यासाठी, अशी आपली न लिहिलेली वाटणी आहे.

ही वाटणी मोडण्याचा एक साधा, घरगुती मार्ग मी सुचवते आहे. घरात व्यायामाची सायकल आणा आणि तिला कायमची जागा द्या. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. सायकल आणणारी घरे पुष्कळ आहेत, तिला जागा देणारी फार थोडी.

आपल्या ओळखीच्या घरांत जरा डोकावून पाहा. सायकल कुठे असते? बाल्कनीत, ताडपत्रीखाली. जिन्याच्या पोटात, रिकाम्या सिलिंडरशेजारी. नाहीतर पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत, जिथे पेडल फिरवायला गेले की गुडघा कपाटाच्या दाराला लागतो. हँडलवर ओले टॉवेल, सीटवर इस्त्रीला जायचे कपडे. मग घरातलेच कुणीतरी हसून म्हणते, "बघा, हौसेने आणली आणि चार दिवसांत टाकून दिली." म्हणजे दोष बाईच्या आळसाचा. मला हे मान्य नाही. जी वस्तू वापरण्याआधी चार वस्तू हलवाव्या लागतात, ती वस्तू कुणीच रोज वापरत नाही. शिलाई मशीन रोज माळ्यावरून उतरवायचे आणि रोज परत चढवायचे असते, तर आपल्यातल्या किती जणींनी ब्लाउज शिवून पोरांच्या फिया भरल्या असत्या? मशीनला खिडकीजवळची उजेडाची जागा मिळाली, कारण मशीन घरात पैसे आणते. सायकल पैसे आणत नाही. ती फक्त त्या बाईला काही देते. तिला जागा मिळत नाही ती त्यामुळे.

"मॅडम, जागा कुठंय?" हे वाक्य मी पालकसभेत ऐकते, लग्नात ऐकते, नातेवाइकांच्या घरी सोफ्यावर बसून ऐकते. चला, टेप घेऊन मोजू. व्यायामाची साधी सायकल सुमारे साडेतीन-चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. चढण्या-उतरण्याला आणि कोपर मोकळे राहायला जागा धरली तर सहा फूट बाय चार फूट पुरे. म्हणजे २४ चौरस फूट. ४०० चौरस फुटांच्या घरात हा सहा टक्के भाग झाला. आता त्याच घरातला सोफासेट मोजा. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट बाय तीन फूट, जवळजवळ २० चौरस फूट. सिंगल सोफे दोन, प्रत्येकी तीन बाय तीन, म्हणजे १८. मधला टीपॉय आठ. बेरीज ४६. सायकलच्या जागेच्या जवळजवळ दुप्पट, आणि यात पाय ठेवायची जागा धरलेलीच नाही. हा सोफा कुणासाठी आहे? आठवड्या-पंधरवड्यातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. शोकेस कुणासाठी आहे? तिच्यातल्या काचेच्या डिनरसेटला ईदशिवाय हात लागत नाही.

न आलेल्या पाहुण्यासाठी ४६ चौरस फूट राखून ठेवलेले असतात आणि रोज त्या घरात राबणाऱ्या बाईसाठी २४ निघत नाहीत. तेव्हा अडचण जागेची नाही. घरातल्या जागेची वाटणी ही घरातल्या माणसांच्या किमतीची वाटणी असते. कुणाला खिडकी, कुणाला कोपरा, कुणाला दाराआडची फट, हे पाहिले की त्या घरात कुणाचे काय मोल आहे ते कळते.

ज्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, त्यांना मी हे सांगत नाही. त्यांच्याकडे खरोखरच जागा नाही आणि त्यांच्याविषयी पुढे बोलणार आहे. माझे भांडण आहे ते ज्यांच्याकडे हॉल आहे, हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आहे, आणि तरी जागा नाही म्हणतात त्यांच्याशी.

हे भांडण मी एवढ्या जोरात का मांडते आहे, तेही सांगते. माझी अम्मी विड्या वळायची. सोलापुरात एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही. या शहरातल्या हजारो बायकांचे आयुष्य मांडीवर सूप घेऊन गेले. सकाळी मांडी घालून बसायचे, पाने कापायची, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, ठरलेल्या वेळी कारखान्यात माल नेऊन द्यायचा. मधल्या वेळात स्वयंपाक आणि आम्ही चार भावंडे. पन्नाशीच्या आतच साखर निघाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिले, 'रोज ४५ मिनिटे चालणे'. गोळ्या कधी घ्यायच्या ते कंपाउंडरने दोनदा समजावले. चालायचे कुठे, ते कुणी सांगितले नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी उघडी गटारे, दुपारी ४२ अंशांचे ऊन, संध्याकाळी पोरांच्या मोटारसायकली. अम्मी सकाळी लवकर उठून चार दिवस चालली. पाचव्या दिवशी एका शेजाऱ्याने अब्बांना विचारले, "भाभी रोज सकाळी कुठं जातात?" त्या दिवसापासून अम्मीचे चालणे बंद झाले. पुढे आधी पायाचा अंगठा गेला, मग नजर गेली, आणि ६३ व्या वर्षी अम्मी गेली.

घरात सायकल असती तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. मधुमेह इतका सरळ आजार नाही. पण तिच्यासाठी चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधांपैकी एक औषध तिला कधी मिळालेच नाही, आणि ते कुठल्या दुकानात संपले होते म्हणून नाही.

अम्मी एकटी नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी देशोदेशींच्या हालचालींचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या ४२ टक्के पुरुषांची हालचाल पुरेशी नाही असे दिसले, आणि बायकांची संख्या ५७ टक्के. हा १५ टक्क्यांचा फरक बाईच्या हाडामांसातून आलेला नाही. तो गल्लीतून, घड्याळातून आणि "भाभी कुठं जातात" या प्रश्नातून आला आहे.

इथे एक हमखास उत्तर येते. "बायका घरकाम करतात ना, मग व्यायाम कशाला वेगळा?" हे बोलणारे बहुधा घरकाम न करणारे असतात. घरकाम हीसुद्धा हालचाल आहे, हे आरोग्य संघटनाही मानते. पण प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी, असे तिचे सांगणे आहे. मध्यम जोर ओळखण्याची खूण सोपी आहे, श्वास इतका वाढावा की बोलता येईल पण गाता येणार नाही. आता पोळ्या लाटणाऱ्या बाईला पाहा. ती गाते. भांडी घासताना गाते. तिचे खांदे दुखतात, कंबर मोडते, पण छातीचा भाता चालत नाही. घरकाम थकवते, दम वाढवतेच असे नाही. थकणे आणि सुदृढ होणे यांतला फरक पुरुषांना स्वतःच्या बाबतीत बरोबर कळतो. दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस, आज माझा व्यायाम झाला, असे कधी म्हणत नाही.

तेव्हा जागा करा. कशी करायची तेही सांगते, कारण इथेच बहुतेक घरे चुकतात.

पहिली गोष्ट, सायकल हॉलमध्ये ठेवा, खिडकीजवळ. खरी सायकल चालवताना वारा आपोआप लागतो. घरातली सायकल जागची हलत नाही, त्यामुळे घाम सुकत नाही आणि अंग तापत जाते. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात हे गमतीवारी नेण्यासारखे नाही. समोरून वारा येईल असा एक टेबलफॅन किंवा भिंतीवरचा पंखा हवाच, डोक्यावरचा पंखा पुरत नाही. दार-खिडकी समोरासमोर उघडी राहील अशी जागा मिळाली तर उत्तम. भिंतीकडे तोंड करून सायकल ठेवू नका. शाळेत शिक्षा म्हणून मुलांना आपण भिंतीकडे तोंड करून उभे करतो. बाहेरचे दिसावे पण आतले दिसू नये असे वाटत असेल, तर दिवसा जाळीचा पडदा ते काम करतो. रात्री आत दिवा लागला की उलटे होते, तेव्हा मात्र जाड पडदा ओढा.

दुसरी गोष्ट, खाली रबराची जाड चटई घाला. फरशीला ओरखडे पडत नाहीत, सायकल सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांना घरघर ऐकू जात नाही. सायकल घेताना चाक कशाने अडवले जाते ते विचारा. लोहचुंबकाने अडवणारी आवाज करत नाही. नमद्याची गादी चाकावर घासून अडवणारी स्वस्त असते, पण आवाज करते आणि गादी झिजते. अडवण्याचा जोर कमी-जास्त करता आलाच पाहिजे. नुसतीच सुळसुळ फिरणारी सायकल म्हणजे पायांचा विरंगुळा, छातीला तिचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, सीटची उंची. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हावा. मग तळव्याचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. एवढे जमले तर गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. सीट फार खाली ठेवून चालवणाऱ्या बायका दोन आठवड्यांत गुडघे धरून बसतात आणि दोष सायकलला देतात. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडे वर असले की कमरेला बरे पडते. घरात दोघे-तिघे चालवणार असतील तर प्रत्येकाच्या उंचीची खूण दांड्यावर रंगीत चिकटपट्टीने करून ठेवा.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. दुपट्टा, ओढणी, साडीचा पदर आणि सलवारीचा घेरदार पायचा या चौघांना फिरत्या चाकाजवळ जाऊ देऊ नका. घरात, पडद्याआड चालवायचे आहे तर ट्रॅकपँट आणि कुर्ता घाला, त्यात लाजण्यासारखे काय आहे? चाक आणि साखळी झाकलेली असलेलीच सायकल घ्या. घरात लहान मूल असेल तर वापर झाला की जोर पूर्ण आवळून चाक अडवून ठेवा. मुलाचे बोट फिरत्या चाकात जायला एक क्षण लागतो. साखरेच्या रुग्णांनी अनवाणी पेडल मारू नये, बूट घालावेत, आणि नंतर तळपाय पाहावेत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला आणि सायकलजवळ साखरेची डबी ठेवा. रमजानात रोजा असताना जोर लावू नका, इफ्तारनंतर तासा-दीड तासाने हलके चालवा.

एवढ्यासाठी लाखाची यंत्रे लागत नाहीत. बाजारात आता अशा सायकली आहेत ज्यांना पडदा जोडलेला असतो, पडद्यावर डोंगर दिसतात, दरमहा वर्गणी भरली की परदेशातला प्रशिक्षक ओरडून उत्साह देतो. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी, माझे काही म्हणणे नाही. पण जाहिरातीतली ती स्वतंत्र खोली, लाकडी जमीन आणि काचेची भिंत पाहून आपल्या बायका "हे आपल्यासाठी नाही" असे ठरवून टाकतात, आणि पुरुषांनाही तेच हवे असते. साधी सायकल आठ-दहा हजारांत मिळते. टाकून दिलेली, कपडे वाळवून वाळवून कंटाळलेली जुनी सायकल त्याहून बरीच कमी किमतीत मिळते. घरात चालू सायकल असेल तर तिचे मागचे चाक पकडणारा स्टँडही मिळतो. मात्र आपल्याकडच्या रोजच्या काळ्या सायकली सगळ्याच स्टँडमध्ये बसत नाहीत. घेण्याआधी सायकल दुकानात नेऊन बसवून पाहा.

जागेबरोबर वेळही द्यावी लागेल. सायकल हॉलमध्ये आली, पण बाई पेडल मारू लागली की "चहा झाला का?" अशी हाक आली, तर ती जागा कागदावरची. रोज तीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून पाच दिवस. १५० मिनिटे झाली. त्या तीस मिनिटांत दूध उतू गेले तर दुसऱ्याने गॅस बंद करावा, बेल वाजली तर दुसऱ्याने दार उघडावे. ज्यांच्या घरी हे अशक्य वाटते, त्यांनी आपल्या घरात किती माणसे राहतात आणि किती पाहुणे राहतात ते एकदा मोजावे.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी बोलते. पुरोगामी मंडळींत मी हा विषय काढला की एक जण तरी म्हणतो, "म्हणजे बुरख्यातली सायकल! बायकांना घरात कोंडायचा नवा मार्ग." या मंडळींना इतिहास थोडा आठवून देते. जागच्या जागी पाय मारायच्या यंत्राचे पेटंट १७९६ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स यांनी घेतले. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर व्यायामशाळा होती, तिच्यात जागेवरच्या सायकली होत्या, आणि तिथे बायकांच्या व पुरुषांच्या वेळा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. ते जहाज काही आमच्या मोहल्ल्यातल्या मौलवींनी बांधले नव्हते. आपले शरीर घामाघूम होत असताना परक्यांनी टक लावून पाहू नये, ही इच्छा एका धर्माच्या बायकांची नाही. माझ्या शाळेतल्या हिंदू सहकारी शिक्षिका साडी नेसून जिममध्ये जाऊ शकत नाहीत आणि ट्रॅकपँट घालून सासऱ्यांसमोरून बाहेर पडू शकत नाहीत. त्यांची अडचण आणि माझी अडचण यांत कापडाच्या रंगाचाच काय तो फरक आहे. आणि पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या, साडेसहाला शाळेला निघणाऱ्या बाईला "बाहेर मोकळ्या हवेत जा" असे सांगणाऱ्याने आधी तिचे डबे भरावेत.

तरीही त्यांच्या शंकेत एक खरा काटा आहे, आणि तो मला आमच्याच माणसांसमोर ठेवायचा आहे. सायकल घरात आली की काही घरांत पुढचे वाक्य तयार असते, "आता घरातच सोय केली ना, मग बाहेर कशाला जायचं?" हे वाक्य जिथे उच्चारले जाईल, तिथे ती सायकल व्यायामाचे साधन राहत नाही, दाराची कडी होते.

अफगाणिस्तानकडे पाहा. तिथे मुलींचा सायकलपटूंचा संघ होता, रस्त्यावर सराव करणारा. २०२१ मध्ये तालिबान परत आले. २०२२ च्या नोव्हेंबरात बायकांना बागांत आणि व्यायामशाळांत जायला बंदी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अफगाण बायकांची सायकल अजिंक्यपद शर्यत झाली, पण ती स्वित्झर्लंडमधल्या एगल गावी, देश सोडून गेलेल्या मुलींची. ती जिंकणारी फरिबा हाशिमी पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावली. देशात राहिलेल्या बाईला घराबाहेर दुसरी जागाच ठेवली नाही. चार भिंतींतला तोच कोपरा एका बाईसाठी सोय असतो आणि दुसरीसाठी कैद, आणि फरक कोपऱ्यात नसतो, दार उघडे आहे की नाही यात असतो.

आणि शरीरालाही हे कळते. घरातली सायकल सगळे देत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे हाडांना चालण्याने मिळतो तसा जोर मिळत नाही. चाळिशीनंतर बाईला या दोन्हींची गरज वाढते. म्हणजे घरात तीस मिनिटे सायकल, आणि त्याशिवाय उन्हात चालणे, असा हा हिशेब आहे. घरातला कोपरा बाईला रस्त्यावर उतरण्याइतके बळ देण्यासाठी आहे, रस्ता सोडून देण्यासाठी नाही.

रस्ता मिळवता येतो, हे आपल्याच देशात दिसले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. हजारो ग्रामीण बायका सायकलवर बसल्या, त्यांत मुस्लिम तरुणीही होत्या. आधी टोमणे झाले, मग सवय झाली. शिक्षिका म्हणून मला त्या मोहिमेचे मोल वाटते ते यासाठी, की तिने दोन्ही तालमी एकाच वर्गात दिल्या.

आता ज्यांच्याकडे खरोखर जागा नाही त्यांच्याविषयी. आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात शादीखाना आहे, जमातीचा हॉल आहे, शाळेच्या रिकाम्या खोल्या आहेत. लग्नाचे दिवस सोडले तर हे हॉल कुलूप लावून ठेवलेले असतात. त्यातल्या एका खोलीत दोन-तीन जुन्या सायकली, दोन पंखे, पाण्याचा माठ, आणि सकाळ-संध्याकाळ दोन तास फक्त बायकांसाठी, एवढे करायला किती खर्च येईल? एका वलीम्यात जेवढी बिर्याणी पानात टाकून दिली जाते, तेवढ्या पैशांत याची सुरुवात होते. जमातीच्या सदरसाहेबांना हे सुचत नाही, कारण सभेत बायका नसतात. सुचवण्याचे काम म्हणून मीच इथे करते आहे. ज्या कमिट्यांचे सदस्य हे वाचत असतील त्यांनी पुढच्या सभेत हा विषय मांडावा, आणि मांडताना चावी कुणाकडे राहील हेही ठरवावे. चावी बाईकडे राहावी.

घरात जागा असलेल्यांनी मात्र सभेची वाट पाहू नये. या रविवारी टेप घ्या, हॉल मोजा, सोफ्यातला एक सिंगल तुकडा आणि टीपॉय विकून टाका, उरलेला सोफा भिंतीला सरकवा. २४ चौरस फूट निघतील. तिथे खिडकीकडे तोंड करून सायकल ठेवा. पाहुणे आले तर सायकल हलवू नका, त्यांना दिसू द्या. कुणी विचारलेच की "हे काय, दिवाणखान्यात?" तर सांगा, या घरात एक बाई राहते आणि तिला अजून पुष्कळ वर्षे जगायचे आहे.